बांधावरचा लव्हाळा आणि काढ्यातील मुस्ता

ज्या वनस्पतीच्या नाशासाठी आपल्या जिल्ह्यातील शेतकरी दरवर्षी पैसे खर्च करतो, तीच वनस्पती आपण वैद्य आणि औषधनिर्माते दरवर्षी पैसे देऊन विकत घेतो. शेतकरी तिला लव्हाळा म्हणतो, आपण मुस्ता म्हणतो, आणि दुकानदार नागरमोथा म्हणून पुडी बांधतो. या तीन नावांच्या मध्ये जे घडते, त्याकडे आपण सर्वांनीच आजवर दुर्लक्ष केले आहे. मीही केले. त्यातून जे शिकलो ते वैद्यबंधू-भगिनींपुढे आणि फार्मसीचालकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रवरा कालव्याच्या लाभक्षेत्रातील एका गावी माझा चिकित्सालय आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत मला लागणारा मोथा उसात खुरपायला जाणाऱ्या एक आजी आणून देत. गाठी ताज्या, सुगंधी आणि दुकानातल्या मालापेक्षा कितीतरी सरस असत. ताजे द्रव्य आपल्याच गावात मिळते, याचा मला अभिमान वाटे. एका भाद्रपदात त्या अशीच पिशवी घेऊन आल्या. ओट्यावर बसलेल्या एका बागायतदार रुग्णाने पिशवीत हात घातला आणि हसून म्हणाला, "डॉक्टर, हा आमच्याच उसातला लव्हाळा. आठ दिवस झाले, औषध मारलंय त्याच्यावर." मी विचारले, "ते गाठीपर्यंत जातं का?" तो म्हणाला, "गाठीपर्यंत गेलं नाही, तर ते औषध कसलं!"

त्याच्या दृष्टीने ते उत्तर अगदी बरोबर होते. माझ्या पायाखालची जमीन मात्र सरकली. त्या पिशवीआधीच्या किती पिशव्यांवर असे 'औषध' मारलेले होते, हे सांगणे आता कोणालाच शक्य नव्हते. त्याच वर्षी एका बाळंतिणीला स्तन्यशोधनासाठी आणि ग्रहणीने क्षीण झालेल्या एका वृद्धाला मी त्याच मोथ्याचा काढा दिला होता. दोघांनाही अपाय झाल्याचे माझ्या पाहण्यात आले नाही. परंतु अपाय दिसला नाही म्हणजे तो झालाच नाही, असे म्हणण्याचा अधिकार चिकित्सकाला नाही. उरलेली पिशवी मी टाकून दिली आणि विचार करू लागलो.

मुस्तेचे चिकित्सेतील स्थान

मुस्ता हे किरकोळ द्रव्य असते, तर एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु चरकाचार्यांनी लेखनीय, तृप्तिघ्न, कण्डूघ्न, स्तन्यशोधन आणि तृष्णानिग्रहण अशा पाच महाकषायांत तिची गणना केली आहे. अग्र्य द्रव्ये सांगताना संग्राही, दीपनीय आणि पाचनीय ही तिन्ही कर्मे एकत्र करणाऱ्या द्रव्यांत त्यांनी मुस्तेला पहिला मान दिला. सुश्रुताचार्यांनी तर तिच्या नावाने मुस्तादि गण सांगितला. ज्वरात आपण नित्य वापरतो त्या षडंगपानीयातील सहांपैकी एक द्रव्य मुस्ता आहे. गंगाधर चूर्ण, मुस्तकारिष्ट आणि अतिसार-ग्रहणीवरील कितीतरी क्वाथ तिच्याविना होत नाहीत. तान्ह्या बाळाच्या मातेपासून आमातिसाराने बेजार झालेल्या वृद्धापर्यंत, म्हणजे ज्यांची सहनशक्ती सर्वांत कमी आहे अशा रुग्णांना, आपण हे द्रव्य देत असतो. म्हणूनच त्याच्या शुद्धतेची जबाबदारी अधिक आहे.

तिची नावेही विचार करण्याजोगी आहेत. मेघाचे जे जे पर्याय, ते ते मुस्तेचे पर्याय: अम्बुद, वारिद, घन. ओलीशी असलेले तिचे नाते पूर्वसूरींनी नावातच नोंदवून ठेवले. कालिदासाच्या शाकुन्तलात दुसऱ्या अंकात शिकार थांबवणारा दुष्यंत रानडुकरांना डबक्यात निर्धास्तपणे मुस्ता उकरू द्या असे म्हणतो. तेथेही मुस्ता आहे ती चिखलातच. भावमिश्रांनी निघंटूत तर स्पष्टच सांगितले आहे की अनूप देशात उगवलेली मुस्ता प्रशस्त होय आणि त्यातही नागरमुस्ता श्रेष्ठ होय. (या 'नागर' शब्दाचा आपल्या नगरशी संबंध नाही, हे विनोदाने का होईना, सांगावे लागते.)

जांगल देशातील अनूप

२०२४ साली अहिल्यानगर हे नाव मिळालेला आपला जिल्हा बहुतांशी पर्जन्यछायेतला, म्हणजे शास्त्राच्या भाषेत जांगल देश. पश्चिमेकडील अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे धो धो पाऊस पडतो. तेवढा भाग खरा अनूप. बाकीच्या जिल्ह्यात पाणी आले ते माणसाने आणले म्हणून. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेचे कालवे वाहू लागले, १९५० साली लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे मुळा धरणाचे पाणी राहुरी-नेवाशाकडे गेले आणि कोरडवाहू माळावर ऊस डोलू लागला. जांगल देशात कृत्रिम अनूप निर्माण झाला. उसामागोमाग लव्हाळाही आला. पाणथळ झालेल्या, निचरा न होणाऱ्या काळ्या जमिनीत त्याला आपले घरच सापडले.

आता प्रश्न असा, की पाटाच्या पाण्यावर पोसलेला हा लव्हाळा भावमिश्रांना अभिप्रेत असलेली अनूपदेशीय मुस्ता मानावा काय? ओल आहे, काळी माती आहे, ऊन आहे. इथपर्यंत हरकत नाही. परंतु औषधी कोणत्या भूमीतील घ्यावी, हे सांगताना सुश्रुतसंहितेच्या भूमिप्रविभागीय अध्यायाने केवळ मातीचा रंग आणि ओल पाहिलेली नाही. कृमी, विष, शस्त्र, ऊन, वारा, अग्नी, पाणी यांनी दूषित वा पीडित न झालेली वनस्पती घ्यावी, असे तेथे सांगितले आहे. चरकाचार्यही नांगर न लागलेली, क्षारयुक्त नसलेली जागा मागतात. आज उसाच्या बांधावरील लव्हाळ्याला विषाचा उपद्रव आहे की नाही, याचे उत्तर माझ्या ओट्यावरच्या त्या बागायतदाराने देऊन ठेवले आहे.

गाठ हाच कळीचा मुद्दा

येथे या वनस्पतीची जगण्याची रीत समजून घेतली पाहिजे. सायपेरस रोटंडस हे तिचे शास्त्रीय नाव. दिसायला गवत, पण हे गवत नव्हे. खोड बोटांत फिरवून पाहिले तर तीन धारा लागतात आणि पाने तीन रांगांत येतात. बियांपासून ती क्वचितच वाढते. तिचा सारा संसार जमिनीखाली असतो. एका गाठीपासून दोऱ्यासारखे मूळखोड निघते, त्यावर दुसरी गाठ, तिच्यापुढे तिसरी, अशी माळच्या माळ तयार होते. वरचे पान कापले तरी खालची गाठ पुन्हा कोंब काढते. महापुरात झाडे वाहून जातात आणि लव्हाळे टिकून राहतात, हा तुकोबांचा दृष्टांत आपल्या सर्वांच्या ओठांवर आहे. शेतकऱ्याला मात्र त्याचा अनुभव खुरपे हाती घेऊन दरवर्षी येतो. १९७७ साली होम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील तणांवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यात लव्हाळ्याला जगातील सर्वांत त्रासदायक तण ठरवले गेले.

म्हणूनच केवळ पाने जाळणारे तणनाशक येथे चालत नाही. ग्लायफोसेट किंवा हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल यांसारखी आंतरप्रवाही तणनाशके पानांवाटे शोषली जातात आणि अन्नरसाबरोबर खाली गाठीत उतरतात. त्यांची उपयुक्तता याच गुणात आहे. आणि आपण औषध म्हणून कोणता भाग घेतो? तीच गाठ. शेतकऱ्याचे लक्ष्य आणि आपले औषधी अंग एकच आहे. अशा वेळी पाण्याने स्वच्छ धुतले, उन्हात वाळवले, निवडून घेतले, या समाधानाला अर्थ उरत नाही. कारण जे आत उतरले आहे ते धुऊन निघणारे नाही.

हीच गोष्ट नाल्यांच्या कडेची. गावाचे सांडपाणी किंवा कारखान्यांचे दूषित पाणी वाहते तेथे लव्हाळा व त्याची भावंडे जोमाने वाढतात. पाणी गाळून स्वच्छ करण्यासाठी पाणवनस्पतींची जी कृत्रिम शेते करतात, त्यांत या कुळातील वनस्पती मुद्दाम लावल्या जातात, कारण पाण्यातील जड धातू त्या स्वतःत ओढून घेतात. जी गाठ पाणी शुद्ध करते, ती स्वतः शुद्ध राहत नाही.

अंगणात मुस्ता

त्या वर्षापासून मी चिकित्सालयाच्या मागे स्वतःची मुस्ता लावतो. हे ऐकून माझ्या शेतकरी रुग्णांनी कपाळाला हात लावला. "डॉक्टर, दुनिया लव्हाळा काढती, तुम्ही लावता?" त्यांचे म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच पहिला नियम असा, की मुस्ता मोकळ्या जमिनीत कधीही लावू नये. ती बागेत शिरली तर आपल्या नातवंडांनाही ती काढता यायची नाही.

मी सिमेंटचा जुना, सुमारे दोन फूट खोल हौद वापरतो. शेततळ्याचा किंवा आच्छादनाचा प्लास्टिक कागद पसरून केलेला वाफा उपयोगाचा नाही. लव्हाळ्याचा अणकुचीदार कोंब तो कागद आरपार भेदतो. हौदाच्या तळाला निचऱ्याचे एक छिद्र असावे, त्यावर बारीक जाळी आणि विटांचे तुकडे टाकावेत. मातीची पातळी काठापेक्षा वीतभर खाली ठेवावी, म्हणजे मूळखोड काठ ओलांडून बाहेर पडत नाही. काळी गाळाची माती दोन भाग, वाळू एक भाग आणि जुने कुजलेले शेणखत एक भाग हे मिश्रण मला मानवले. माती कोठून आणली हेही महत्त्वाचे. उसाच्या शेतातील माती आणली, तर ज्या दोषापासून पळालो तोच घरी आला असे होईल.

बेण्याच्या गाठी फवारणी न होणाऱ्या, परिचित जागेतून घ्याव्यात आणि पहिल्या वर्षीचे पीक औषधात न वापरता केवळ बेणे म्हणून ठेवावे. गाठींची माळ तशीच लावली तर टोकाची गाठ उगवते आणि मागच्या पुष्कळशा निद्रिस्त राहतात. म्हणून माळ तोडून एकेक गाठ सुटी करावी आणि मृगाच्या पावसावर दोन बोटे खोल, वीतभर अंतराने लावावी. जागा भर उन्हाची हवी. सावलीत मुस्ता रोडावते. झाडांच्या छायेतील औषधी घेऊ नये, या शास्त्राज्ञेचा प्रत्यय येथे डोळ्यांनी येतो.

पाण्याबाबत आपल्याकडे दोन चुका होतात. ओलीची आवड आहे म्हणून हौद कायम तुडुंब ठेवणे ही पहिली चूक. मुस्तेला चिखल हवा असतो, तळे नको. साचलेल्या पाण्यात डासांची पैदास होते आणि वैद्याच्या अंगणातच डेंग्यूची सोय होते. माती मुठीत दाबली असता ओलसर गोळा व्हावा, इतके पाणी पुरे. उन्हाळ्यात ते रोज द्यावे लागते. दुसरी चूक बोअरच्या खाऱ्या पाण्याची. आपल्या अनेक गावांत हे पाणी सतत दिल्यास मातीवर पांढरा थर धरतो. शक्य तेथे पागोळीचे पाणी साठवून द्यावे आणि पावसाळ्यात निचऱ्याचे छिद्र मोकळे ठेवून क्षार धुऊन जाऊ द्यावेत.

थंडी वाढली की वाढ मंदावते, पाने पिवळी पडू लागतात. मुळे शिशिरात किंवा ग्रीष्मात, पाने गळून गेल्यावर काढावीत, असे चरकाचार्यांनी सांगितले आहे. मी मार्गशीर्षात पाणी तोडतो आणि पौषात, शिशिर लागल्यावर, हौद उकरतो. काळपट, टणक, मोडताच सुगंध येणाऱ्या गाठी औषधासाठी ठेवतो. पांढऱ्या कोवळ्या गाठी पुढील बेण्यासाठी. गाठी झटपट धुवाव्यात, भिजत ठेवू नयेत. वरची केसाळ मुळे गोणपाटात भरड वाळूबरोबर घासली की निघतात. ती विस्तवावर जाळून काढण्याची रीत आहे, पण त्यात सुगंधही जातो आणि आपल्याला हवे असलेले तैलही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या दशकात याच तैलातील एका घटकाची रचना उलगडली, त्याला मुस्टाकोन हे नाव आहे. आपल्या मुस्तेचे नाव रसायनशास्त्रात असे कायमचे गेले. गाठी सावलीत वाळवून हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि भरड लागेल तेवढीच करावी. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होते, हे शार्ङ्गधरांचे सांगणे अशा सुगंधी द्रव्याबाबत नाकालाही पटते.

हौदातून निघालेला कचरा उकिरड्यावर मात्र टाकू नये. शेणखताबरोबर त्या गाठी दुसऱ्याच्या शेतात जातील. कडक उन्हात पूर्ण सुकवून तो जाळावा.

दोन सूचना ओळखीबाबत. लव्हाळ्याचाच एक भाऊ सायपेरस एस्क्युलेंटस. त्याचा तुरा पिवळसर असतो, गाठी माळेत न येता मूळखोडाच्या टोकाला एकेकट्या येतात आणि चवीला गोडसर लागतात. मुस्तेचा तुरा तांबूस-जांभळट, गाठ सुगंधी आणि कडवट. दुसरे म्हणजे, शहरातील रोपवाटिकांत छत्रीसारख्या पानांचा जो मोथा कुंडीत मिळतो, तो शोभेचा. तो अंगणात जरूर लावावा, काढ्यात घालू नये.

फार्मसीचालकांना विनंती

एका हौदातून निघणारा मोथा माझ्या रुग्णांच्या काढ्यांना वर्षभर कसाबसा पुरतो. फार्मसीला तो पुरणार नाही, हे उघड आहे. "अहो, एवढ्या स्वस्त द्रव्यासाठी एवढा खटाटोप कशाला?" असेही एका फार्मसीचालक मित्राने विचारले. द्रव्य स्वस्त आहे याचे कारण ते तण आहे. कोणाच्या तरी शेतातून ते निघतेच आणि म्हणूनच ते कोणत्या शेतातून निघाले, हे कोणीही विचारत नाही. स्वस्ताई हाच येथे धोका आहे.

आयुर्वेदिक फार्माकोपियात मुस्ता म्हणजे सायपेरस रोटंडसचा कंद असे निश्चित केलेले आहे. बाजारात मात्र नागरमोथा या एकाच नावाखाली कधी हा कंद येतो, तर कधी अत्तरवाल्यांसाठी मध्य प्रदेशातून येणारा, व्यापारात सायपेरस स्कॅरिओसस म्हणून ओळखला जाणारा मोथा येतो. २००० साली शेड्यूल 'टी'ची अधिसूचना निघाल्यापासून कच्च्या मालाच्या नोंदीची व तपासणीची जबाबदारी फार्मसीवर आहे. परंतु आपल्या नोंदवहीत बहुधा व्यापाऱ्याचे नाव असते, शेताचे नसते. माझी सूचना अशी, की मोथ्याच्या प्रत्येक खरेदीबरोबर तीन गोष्टी लेखी मागाव्यात: कोणती जात, कोणत्या गावाच्या कोणत्या प्रकारच्या जागेतून, आणि त्या जागेवर त्या हंगामात तणनाशक वापरले होते काय. व्यापारी प्रथम हसेल. दहा ग्राहकांनी विचारले की हसणार नाही.

यापेक्षा चांगला मार्ग आपल्या जिल्ह्यातच उपलब्ध आहे. रासायनिक औषधांविना शेती करणारे शेतकरी आज पुष्कळ गावांत आहेत. त्यांच्यापुढील मोठा खर्च खुरपणीचा आहे, कारण तणनाशक ते वापरत नाहीत. त्यांच्या शेतातून हाताने निघणारा लव्हाळा आज बांधावर वाळून फुकट जातो. आपल्या संघटनेच्या तालुका शाखांनी अशा शेतकऱ्यांची यादी करावी आणि दोन-तीन फार्मसींनी मिळून त्यांच्याकडून धुतलेला, वाळवलेला मोथा वजनावर घ्यावा. शेतकऱ्याच्या खुरपणीचा काही भाग त्यातून निघेल, खुरपणाऱ्या बाईला दोन पैसे अधिक मिळतील आणि आपल्याला जाणलेले द्रव्य मिळेल. तणनाशकाच्या अंशाची तपासणी प्रत्येक लहान फार्मसीला परवडणारी नाही; पण सामाईक खरेदीच्या एका साठ्याची तपासणी सामाईक खर्चाने करता येईल.

राहिला एक आक्षेप, की वन्य द्रव्यच वीर्यवान, लावलेले दुय्यम. या मताचा मी आदर करतो. परंतु ज्या वनाची आपण कल्पना करतो, ते आज कोठे आहे? अकोल्याच्या डोंगरांतील खरा अनूप प्रदेश बऱ्याच अंशी कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे आणि तेथून मनमानेल तसे उकरून आणणे कायद्याला आणि शास्त्रालाही मान्य नाही. ज्याला आज आपण 'वन्य' मोथा म्हणतो, तो बव्हंशी शेताच्या बांधावरचा, पाटाच्या कडेचा आणि नाल्याचा आहे. त्याच्यापेक्षा हौदातील मुस्ता अधिक नैसर्गिक आहे, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

त्या आजी अजूनही चिकित्सालयात येतात. त्यांचा मोथा घेणे मी बंद केले, तेव्हा त्यांना वाईट वाटले; त्यांच्या हातून काही चूक झालीच नव्हती. चूक माझी होती, मी विचारले नव्हते. हल्ली पौषात हौद उकरायला मी त्यांनाच बोलावतो. गाठी निवडताना त्या एक गाठ फोडून नाकाशी नेतात आणि बाजूला ठेवतात किंवा टाकून देतात. द्रव्यपरीक्षेचा तो पाठ मला महाविद्यालयात मिळाला नव्हता.

आपल्यापैकी प्रत्येक वैद्याने येत्या मृगात निदान एक हौद किंवा एक सिमेंटची टाकी मुस्तेसाठी राखावी. फार फायदा होईल असे मी म्हणत नाही. परंतु रुग्णाने "वैद्यराज, यात काय आहे?" असे विचारले, तर किमान एका द्रव्यापुरते तरी आपल्याला निःशंकपणे उत्तर देता येईल. आज तेवढेही देता येत नाही.